स्वयंपाक न येणारा माणूस पाहिजे

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक खोक्यात चार वस्तू असत: कुकर, एक जादा रबर, हमीपत्र आणि चोवीस पानी पाककृतींची पुस्तिका. पहिल्या तीन वस्तूंबद्दल फारशी तक्रार नसे. पुस्तिकेबद्दल मात्र पत्रं येत. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की ‘बेताचं पाणी घाला’ असं वाचून आपण बेतानेच पाणी घातलं, आता कुकरचा तळ काळाठिक्कर पडला आहे, तरी हा बेत नक्की कोणाचा होता ते कळवावं.

अशी तीसेक पत्रं जमल्यावर विक्रीच्या साहेबांनी बैठक बोलावली. पुस्तिका नव्याने लिहायची ठरली. साहेब म्हणाले, “आता घरं पूर्वीसारखी राहिली नाहीत. एकटी राहणारी पोरं आहेत, पोरी आहेत, बायको गेलेले म्हातारे आहेत, दोघंही कामाला जाणारी जोडपी आहेत. रोजचं साधं, जिवाला बरं वाटेल असं काहीतरी त्यांना घरच्या घरी करता आलं पाहिजे. ज्याने जन्मात चूल बघितली नाही, त्यालासुद्धा.”

“मग तसा माणूस मला आणून द्या,” बाई म्हणाल्या.

बाई म्हणजे कारखान्याच्या चाचणी-स्वयंपाकघराच्या प्रमुख. आधी मुलींच्या शाळेत पाकशास्त्र शिकवत, इथे येऊन बावीस वर्षं झाली होती, पण ‘बाई’ हे शाळेतलं नाव इथेही चिकटलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. त्या लिहितील, पण लिहिलेलं कळतं की नाही हे त्यांना स्वतःला कधीच कळणार नाही, कारण त्यांना सगळं आधीच येतं. तेव्हा ज्याला काहीच येत नाही असा एक माणूस रोज दुपारी दीड तास हवा. तो कागद वाचेल आणि कागदावर आहे तेवढंच करेल.

असा माणूस मिळणं सोपं असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही. ड्रायव्हर म्हणाला, मी चहा फक्कड करतो. पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरचे दोघे म्हणाले, आम्ही खोलीवर सगळं स्वतःच करतो. हिशेबनीस अंडी उकडत असे आणि त्याचा त्याला अभिमान होता. स्वयंपाक येत नाही असं कबूल करायला कोणी तयार होईना. शेवटी निरोप भांडारात पोचला तेव्हा खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, “मला गॅस पेटवता येत नाही. कधी वेळच आली नाही.”

हे भांडारपाल. वय छप्पन्न. रबरं, दांडे, शिट्ट्या, स्क्रू हे सगळं त्यांच्या ताब्यात. कोणी “थोडे स्क्रू द्या” म्हटलं की ते विचारत, “किती नग?” आणि आकडा आल्याशिवाय हात हलवत नसत. त्यावरून त्यांना ‘नगसाहेब’ म्हणत. या नावात दुसराही एक अर्थ आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांची हरकत नव्हती.

घरी त्यांना गॅस पेटवायची वेळ का आली नाही, तर आधी आई होती, मग बायको आली.

पहिल्या दिवशी कागदावर बटाट्याच्या सूपची कृती होती आणि तिची पहिली ओळ होती: ‘दोन मध्यम कांदे बारीक चिरून घ्या.’ नगसाहेबांनी टोपलीतले सगळे कांदे ओट्यावर मांडले, लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लावली आणि बरोबर मधले दोन उचलले. मग ते सालासकट चिरायला घेतले.

बाई खुर्चीत ताठ झाल्या. मध्ये बोलायचं नाही, नुसतं टिपून घ्यायचं, हा नियम त्यांचाच होता. तरी त्यांच्या तोंडून निघालंच, “अहो, साल!”

“साल काढा असं लिहिलेलं नाही.”

बाईंनी वहीत लिहिलं: साल.

पुढे ‘कांदा सोनेरी होईपर्यंत परता’ असं होतं. नगसाहेबांनी खिशातून पितळेचा एक नट काढून कढईशेजारी ठेवला आणि दर अर्ध्या मिनिटाने ते एकदा कांद्याकडे आणि एकदा नटाकडे पाहू लागले. नटाच्या रंगावर कांदा आला तेव्हा तो करपला होता. बाईंनी ‘सोनेरी’ खोडलं आणि लिहिलं: मध्यम आचेवर सहा मिनिटं, कडा तपकिरी दिसू लागल्या की थांबा.

मिठावरून मात्र वाद झाला.

“चवीपुरतं म्हणजे कोणाच्या चवीपुरतं?” नगसाहेबांनी विचारलं.

“खाणाऱ्याच्या.”

“खाणारा कोण?”

“आत्ता तुम्हीच धरा.”

“मग घालायच्या आधी मला कसं कळणार? आणि घालून बघितलं, जास्त झालं, तर काढायचं कसं? आमच्याकडे जादा गेलेला माल परत तरी घेता येतो.”

बाईंना राग आला होता. ‘चवीपुरतं’ हा शब्द त्यांनी मुलींच्या कितीतरी वर्गांना शिकवला होता. शेवटी तो खोडून त्यांनी लिहिलं: एक सपाट लहान चमचा, कमी वाटलं तर नंतर आणखी.

पहिला आठवडा असा गेला. दुसऱ्या आठवड्यापासून दोघांचं बरं जमू लागलं. बटाट्याच्या फोडी ‘एकसारख्या’ असाव्यात म्हणून नगसाहेबांनी भांडारातून मोजपट्टी आणली आणि फोडीची बाजू दोन सेंटिमीटर असा निकाल लावला. बाईंनी तो मान्य केला. मसुराचं सूप झालं, गाजर-मटाराचा भात झाला, दुधात शिजवलेल्या शेवया झाल्या. जे होई ते दोघं ओट्याशी उभ्यानेच चाखत, उरलेलं दुपारच्या पाळीला जाई.

नगसाहेबांनी घरी यातलं काही सांगितलं नाही. लपवायचं असं ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं, दुसऱ्या दिवशी ‘काल का नाही सांगितलं’ असं होईल म्हणून राहिलं, आणि मग रोज ते थोडं थोडं अवघड होत गेलं.

घरी एक फरक मात्र पडला. जेवताना पहिल्या घासाला शेरा द्यायची त्यांची जुनी सवय होती. “आज मीठ जरा कमी.” “भात एक शिट्टी जास्त झालाय.” त्यात चिडणं नसे, आलेल्या मालाची तपासणी करावी तसं ते सांगत आणि बायको दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करी. एकोणतीस वर्षं असं चाललं होतं. पण एका दुपारी त्यांनी शेवयांचं दूध चाळीस मिनिटं ढवळलं, खांदा भरून आला, आणि बाईंनी अर्धा चमचा जिभेवर ठेवून नुसतं म्हटलं, “तळाला लागलंय.” ते खरंच होतं. तरी नगसाहेबांना ते शब्द लागले. त्या संध्याकाळी ते मूग गिळून जेवले. दुसऱ्याही दिवशी शेरा आला नाही, तिसऱ्याही दिवशी नाही.

चौथ्या दिवशी बायको म्हणाली, “अहो, डॉक्टरांना दाखवता का एकदा? तुमच्या जिभेला काहीतरी झालंय.”

बायको घरी रफूचं काम करायची. पुढच्या खोलीत खिडकीला लागून तिची खुर्ची होती, शेजारी दोऱ्यांचा डबा. धुलाईची दुकानं तिच्याकडे कोट, शाली, गालिच्यांचे कोपरे पाठवत. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून दोरा उसवून काढायचा आणि भोकावर उभे-आडवे धागे असे विणायचे की मालकालाही जागा सापडू नये. हे काम बारकाईचं होतं आणि तिचा हात त्यात नावाजलेला होता. सहाव्या आठवड्यात ती एक कोट पोचवून परत येताना जिन्यावरून घसरली आणि तोच उजवा हात मनगटात मोडला.

प्लास्टर कोपरापर्यंत घातलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे.

पहिल्या दिवशी शेजारणीने जेवण पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती, रजा मिळत नव्हती. “बाबा, बाहेरून मागवा सरळ,” ती म्हणाली. “तुम्ही काही करायला जाऊ नका. आईला आणखी एक काम होऊन बसेल.”

नगसाहेब हं म्हणाले. संध्याकाळी ते कारखान्यातून आले, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात गेले. बायको दारातल्या खुर्चीवर बसली होती, हात गळ्यातल्या पट्टीत. त्यांनी टोपलीतून दोन कांदे घेतले, वरचं आणि खालचं टोक उडवलं, साल एका ओढीत काढलं. कुकर धुऊन पुसला, रबर नीट बसलंय का ते बोट फिरवून पाहिलं, शिट्टीच्या भोकातून उजेडाकडे बघितलं. मग काडी ओढली, आधी काडी जवळ नेली आणि मगच बटण फिरवलं.

कांदा परतून झाला, बटाट्याच्या फोडी पडल्या, पाणी मोजून पडलं, झाकण लागलं. पहिली शिट्टी झाली तेव्हा तिने विचारलं, “कुठे शिकलात?”

त्यांनी सगळं सांगितलं. बैठक, बाई, पितळेचा नट, मोजपट्टी. ते सांगत होते तोवर आणखी दोन शिट्ट्या झाल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही.

“एकोणतीस वर्षं,” ती म्हणाली. “ताप असला तरी मीच उठले. लेक झाली तेव्हा बाराव्या दिवशी ओट्याशी उभी होते. तुम्हाला गॅस पेटवता येत नाही म्हणून. आणि कारखान्याने चिठ्ठी पाठवली तर दीड महिन्यात आलं?”

“तू कधी म्हणाली नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलंत?”

त्यांनी वाफ जिरायची वाट पाहिली, झाकण काढलं, बटाटे घोटले, दूध घातलं. वाडगा तिच्यापुढे ठेवला. डाव्या हातात चमचा धरून तिने दोन घोट घेतले. थोडं अंगावर सांडलं. त्यांनी फडका पुढे केला, तो तिने घेतला.

“कसं झालंय?” त्यांनी विचारलं. विचारून उत्तराची वाट बघायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

“बरं आहे.”

“मीठ?”

“माहीत नाही,” ती म्हणाली. “मी तुमच्या जिभेने घालत आले. माझ्या जिभेला किती लागतं ते बघितलंच नाही कधी.” मग वाडग्याकडे बघतच तिने आणखी एक गोष्ट सांगितली, तीही कोणतं दुकान कुठे आहे हे सांगावं इतक्या साध्या आवाजात. “आणि खरं सांगू? मला स्वयंपाक करायला आवडत नाही. कधीच आवडला नाही.”

“कधीच?”

“कधीच.”

“मग इतकी वर्षं...”

“तुम्हाला स्क्रू मोजायला आवडतात?”

नगसाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. “हो,” ते म्हणाले. “आवडतात.”

तेव्हा मात्र तिला हसू आलं. प्लास्टरचा हात हलला आणि कळ आली, म्हणून ती लगेच थांबली.

त्यानंतर रोज संध्याकाळी नगसाहेब स्वयंपाक करू लागले. बाईंच्या कच्च्या कागदांच्या प्रती ते घरी आणत आणि ओट्यावर बरणीला टेकवून ठेवत. कारखान्यात मात्र पंचाईत झाली. मसुराच्या दुसऱ्या चाचणीला, ते अजून कागदावर आहे तेवढंच करतात का हे पाहायला, बाईंनी मुद्दामच एक ओळ गाळली होती. डाळ धुवा असं लिहिलंच नव्हतं. नगसाहेबांनी कागद वाचला, डाळ घेतली आणि तीन पाण्यांतून काढली.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “धुवा असं कुठे लिहिलंय?”

नगसाहेबांनी कागद पुन्हा वाचला. लिहिलेलं नव्हतं. ते चोरी पकडल्यासारखे उभे राहिले आणि मग त्यांनी घरची सगळी हकीकत सांगितली.

“म्हणजे तुम्ही बाद,” बाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांना वाईट वाटलं होतं. “अजून सात कृती राहिल्यात. आता अडाणी माणूस कुठून आणू?”

त्या संध्याकाळी नगसाहेब घरी आले ते तोंड पाडूनच. बायकोने काय झालं विचारलं. मग म्हणाली, “बघू ते कागद.”

तिने कागद मांडीवर घेतले आणि वाचत गेली. बटाट्याच्या सूपपाशी थांबली. बाईंच्या कृतीत बटाट्याच्या फोडी कुकरमध्ये उकडायच्या होत्या, कांदा कढईत वेगळा परतायचा होता, उकडलेल्या फोडी तिसऱ्या भांड्यात घोटायच्या होत्या आणि दूध चौथ्यात तापवायचं होतं. नगसाहेबांनी घरी ते सगळं कुकरमध्येच केलं होतं. इतकी भांडी घासायला कोणी नव्हतं, एवढंच कारण. आपण कागद मोडला याची त्यांना थोडी खंतही होती.

“चार भांडी?” बायको म्हणाली. “दमून घरी आलेला माणूस चार भांडी काढेल? आणि ती घासणार कोण? हे तुमच्या पुस्तिकेत आहे का कुठे?”

“नाही.”

“पेन्सिल द्या.”

ती डाव्या हाताने लिहायला लागली. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं वाकडंतिकडं येत होतं, त्यामुळे ती कमीत कमी शब्द वापरत होती. बटाट्यापाशी लिहिलं: ‘सगळं कुकरमध्येच. दूध झाकण काढल्यावर, तापवायची गरज नाही.’ गाजराच्या भाताला पुस्तिकेत भाज्या आधी वेगळ्या वाफवल्या होत्या. ती ओळ तिने आडवी रेघ मारून काढली. शेवया चाळीस मिनिटं ढवळण्याऐवजी ‘झाकून मंद आचेवर, मध्ये तीनदा ढवळा, तोवर बसा’ असं लिहिलं. ‘बसा’ खाली रेघ ओढली. एका कागदाच्या कडेला नुसतंच होतं: ‘हे कशासाठी?’

आवड असलेल्या माणसाला ओट्याशी रमायला आवडतं. ती कधी रमली नव्हती. तिथून लवकरात लवकर सुटून खिडकीतल्या खुर्चीवर जायचं, हाच तिचा एकोणतीस वर्षांचा उद्योग होता. त्यापायी कुठली पायरी गाळली तर चव जाते आणि कुठली गाळली तरी काही बिघडत नाही, हे तिला घासून-पुसून माहीत झालं होतं. तिने कधी कोणाला ते सांगितलं नव्हतं, कारण तिच्या मते तो आळस होता.

नगसाहेबांनी दुसऱ्या दिवशी ते कागद बाईंच्या टेबलावर ठेवले आणि ते दोन पावलं मागे सरकले.

बाईंनी वाचलं. कान लाल झाले. “हे कोणी केलं?”

“घरून.”

“त्यांना सांगा, भाज्या आधी वाफवल्या नाहीत तर रंग जातो.”

“सांगतो,” नगसाहेब म्हणाले. पण भांडाराची सवय जाईना. “रंग चवीला लागतो का?”

बाईंनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. नगसाहेब भांडारात परतले. दोन दिवस चाचणी-स्वयंपाकघराचं दार बंद होतं. तिसऱ्या दिवशी प्रेसवरच्या एकाने खबर आणली, की बाई एकट्याच सकाळपासून भात शिजवतायत, दोन कुकर शेजारी शेजारी ठेवून, आणि येईल त्याला दोन्हीतला चमचा-चमचा देऊन कुठला बरा ते विचारतायत. चौदा जणांनी चाखला. सहा जणांनी एक बरा म्हटलं, पाचांनी दुसरा, तिघांना फरक कळला नाही.

दुपारी बाई स्वतः भांडाराच्या खिडकीशी आल्या. बावीस वर्षांत त्या तिथे कधी आल्या नव्हत्या. “त्यांना इथे येता येईल का?” त्यांनी विचारलं. “हात दुखत नसेल तर.”

बायको सोमवारी आली. तिने चांगला कोट घातला होता. एका बाहीतून हात जात नव्हता म्हणून ती बाही नुसती खांद्यावरून सोडली होती. कोपरावर तिचंच जुनं रफू होतं, ते बाईंना दिसलं नाही. बाईंनी खुर्ची पुढे केली. दोघी जरा वेळ हवापाण्याचं बोलल्या.

मग बाई म्हणाल्या, “तुम्हाला या कामाची चांगलीच आवड दिसते.”

“अजिबात नाही,” बायको म्हणाली.

बाईंना ती विनय करतेय असं वाटलं. “नाही कशी? आवड असल्याशिवाय इतकं बारीक कोण बघतं?”

“आवड नाही म्हणूनच बघितलं. तुम्हाला आवड आहे, त्यामुळे तुम्हाला चार भांडी जड होत नाहीत. मला एकही जड होतं.” हे बोलून आपण अपमान केला की काय असं वाटून ती घाईने म्हणाली, “तुमची ती मसुरात शेवटी लिंबू पिळायची युक्ती चांगली आहे. ती मला सुचली नसती.”

“शाळेत माझ्या वर्गात चाळीस मुली असायच्या,” बाई हळूच म्हणाल्या. “मी सगळ्यांना सांगायचे, मन लावून केलंत की आवड आपोआप लागते.”

“कितींना लागली?”

“पाचसहा जणींना असेल. बाकीच्यांचं मी कधी विचारलं नाही.”

मग दोघींनी कागद ओढले आणि कामाला लागल्या. राहिलेल्या सात कृतींवर चार सोमवार गेले. भांडणं झाली. कांदा परतायचा वेळ वाचवायला बायको तयार होती, बाई नव्हत्या. तिथे बाई जिंकल्या, आणि चाखून पाहिल्यावर बायकोने ते मान्य केलं. डाव्या हाताने कुकरचं झाकण लागतं का हे बायकोने करून बघितलं. लागत नव्हतं. एका हाताच्या माणसाने काय करायचं, म्हणून पुस्तिकेत साध्या पातेल्यात होणाऱ्या तीन कृती वाढल्या. कुकरच्या कारखान्याने पातेल्याची शिफारस करायची, यावर विक्रीच्या साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण बाईंनी त्यांना गाजराचा भात भरवला आणि पानं पास करून घेतली.

शेवटची चाचणी कोणावर करायची हा प्रश्न राहिलाच होता. विक्रीच्या साहेबांना आपणहून सांगावं लागलं, की आपल्यालाही काही येत नाही. ते त्यांनी दार लावून सांगितलं. एका दुपारी ते ॲप्रन बांधून आले आणि त्यांनी कागदाबरहुकूम मसुराचं सूप केलं, एका शब्दालाही न अडखळता. बाईंचा जीव भांड्यात पडला.

पुस्तिका छापून झाली. तिच्यावर कोणाचंच नाव नव्हतं, आधीच्या पुस्तिकेवरही नव्हतं. कारखान्यातर्फे बायकोला मोठ्या आकाराचा नवा कुकर भेट द्यायचं ठरलं. नगसाहेबांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मला? कुकर?” आणि इतकी हसली, की या खेपेला त्यांनाही हसू आवरलं नाही. कुकरऐवजी काय हवं असं बाईंनी विचारून पाठवलं, तर तिने चांगल्या उजेडाचा एक टेबलदिवा मागितला. तो मिळाला.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट बारीक झालं होतं आणि त्वचा पांढरट. डॉक्टरांनी चेंडू दाबायचा व्यायाम दिला. नगसाहेबांना वाटलं, आता ती ओट्याशी येईल. पहिल्या संध्याकाळी ती आली, दारात उभी राहिली, कुकरकडे बघितलं.

“तुम्ही करताय ना?” तिने विचारलं.

“करतोय.”

“मग ठीक,” म्हणून ती खिडकीशी जाऊन बसली.

यावर पुढे कधी बोलणं झालं नाही. रविवारी ती अंडी करी, तेही तिला वाटलं तर. बाकीचे दिवस नगसाहेबांचे. ते हळू करत, सगळं मोजून करत, आणि आठ वाजेपर्यंत वाढत. जे होई ते बहुधा बरं होई. कधी भात गिचका झाला तर ती तसाच खाई. तिने शेरा कधी दिला नाही. ते मात्र रोज विचारत, आणि ती काय म्हणते याची वाट बघत.

दोन महिन्यांनी लेक चार दिवसांच्या रजेवर आली. पिशवी दारात ठेवून ती सवयीने थेट स्वयंपाकघरात गेली आणि उंबऱ्यातच थबकली. बाबा ॲप्रन बांधून मसूर निवडत होते. फोनवर तिने सगळं ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं.

“बाबा, मी करू का काही?”

“नको. तू बाहेर बस. इथे दोघांना जागा नाही.”

ती पुढच्या खोलीत आली. आई नव्या दिव्याखाली कुणाची तरी राखाडी शाल मांडीवर घेऊन बसली होती. मनगट अजून पूर्वीसारखं वळत नव्हतं, टाका घ्यायला वेळ लागत होता. लेक मध्येच उभी राहिली. आत जावं की इथे बसावं हे तिला कळेना. आतून शिट्टी ऐकू आली.

आईने वर न बघता शेजारचं स्टूल पायाने पुढे सरकवलं. “बस. आणि हा दोरा ओवून दे, बारीक आहे.”

लेक बसली. दोरा ओवायला तिला तीन प्रयत्न लागले.